चिखलातलं प्रदर्शन आणि प्रामाण्याचा प्रश्न



आजच्या विषयात 'गाड्यांचं प्रदर्शन' हे शब्द वाचून आयोजकांना दोन-तीन फोन आले म्हणे. पत्रिका छापताना दुसऱ्याच कुठल्या व्याख्यानाचं नाव इथे पडलं का, अशी विचारणा झाली. तसं काही झालेलं नाही. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि गाडीचं म्हणाल तर क्लच कुठल्या पायाने दाबतात एवढंच आम्हाला ठाऊक आहे. (हशा) पण मागच्या वेळी प्रामाण्यवादावर बोललो, तेव्हा बऱ्याच श्रोत्यांनी लिहून कळवलं, की 'स्वतःप्रामाण्य' आणि 'परतःप्रामाण्य' हे शब्द समजले, पण त्यावरून हजार वर्षं माणसं का भांडली ते समजलं नाही. त्याचं उत्तर द्यायला आम्हाला ग्रंथातलं उदाहरण सुचेना. चिखलातलं सुचलं.

गोष्ट मे 2015 मधली आहे. आम्ही दोघं मुलाकडे अ‍ॅरिझोनात, फिनिक्सला गेलो होतो. फिनिक्स म्हणजे वाळवंट. मे महिन्यात तिथे आपल्या नागपूरसारखं ऊन असतं, घराबाहेर पडायची सोय नाही. मुलाला आणि सूनबाईंना त्या दिवसांत गाडीच्या टपावर बसवायचा तंबू घ्यायचा होता. तो दोन हजार डॉलरच्या आसपास पडणार होता, म्हणून विकत घेण्याआधी डोळ्यांनी बघावा असं त्याचं म्हणणं. अशा वस्तूंचं मोठं प्रदर्शन मॉर्मन लेक नावाच्या ठिकाणी भरणार होतं. "बाबा, तुम्ही आणि आई पण चला, वर डोंगरात गार असतं," तो म्हणाला. गार असतं हे वाक्य खरं निघालं. (हशा)

आधी हे प्रदर्शन कसलं ते सांगितलं पाहिजे. त्याचं नाव ओव्हरलँड एक्स्पो. जोनाथन आणि रोझॅन हॅन्सन या दांपत्याने ते 2009 मध्ये सुरू केलं. 'ओव्हरलँडिंग' म्हणजे आपली गाडी हेच आपलं घर, असं समजून पक्का रस्ता सोडून दूर दूर जायचं, वाटेत मुक्काम करायचा, स्वयंपाक-पाणी सगळं बरोबर. शब्द मूळचा ऑस्ट्रेलियातला. तिथे गुरांचे कळप शेकडो मैल जमिनीवरून हाकत नेणाऱ्यांना ओव्हरलँडर म्हणत. या छंदातली मंडळी ज्याला आपला आदिग्रंथ मानतात ती 1955-56 ची सफर: ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे सहा विद्यार्थी दोन लँडरोव्हर घेऊन लंडनहून निघाले आणि भारत, ब्रह्मदेश करत सिंगापूरला पोचले. टिम स्लेसर हा त्यांच्यातलाच एक, त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. आपल्याकडे जीप आली ती लष्कराच्या आणि सरकारी दौऱ्यांच्या कामाला. मामलेदाराची जीप गावात शिरली की पोरं मागे धावायची, ही आमच्या पिढीची ओव्हरलँडिंगची व्याख्या. हौसेसाठी खडबडीत रस्ता शोधायचा ही कल्पना आमच्या वडिलांना सांगितली असती, तर त्यांनी आमचं कपाळ तापलंय का ते हात लावून बघितलं असतं.

आता ठिकाण. फिनिक्स समुद्रसपाटीपासून साधारण 1,100 फुटांवर, तर मॉर्मन लेक सात हजारांच्या वर. म्हणजे जवळजवळ 6,000 फुटांचा चढ, आणि तो तुम्ही गाडीत बसून अडीच-तीन तासांत चढता. हवा दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश थंड होते. हिशोब करा: नुसत्या उंचीमुळे बारा अंशांचा फरक. वरून ढग आले, वारा सुटला, तर आणखी. आम्ही निघालो तेव्हा अंगात सुती कपडे, पायांत कॅनव्हासचे बूट. हिने वर एक पातळ स्वेटर घेतला होता, तोही सूनबाईंनी आग्रह केला म्हणून. गाडीच्या काचेतून निवडुंग मागे पडले, मग झुडपं आली, मग पॉन्डेरोसा पाइनचं उंच जंगल लागलं, आणि पाठोपाठ पाऊस.

मॉर्मन लेक हे नावाला सरोवर. पाऊसमान कमी झालं की ते कुरणासारखं कोरडं पडतं आणि त्यात गुरं चरतात. जमीन मात्र बघण्यासारखी. हा सगळा भाग ज्वालामुखीचा. फ्लॅगस्टाफ शहराजवळचा सनसेट क्रेटर तर हजारेक वर्षांपूर्वीच फुटलेला, म्हणजे आपल्या दख्खनच्या बेसाल्टपुढे अगदी कालचं पोर. पण खडक बेसाल्टचाच. आणि बेसाल्ट कुजून जी चिकणमाती होते, तिचा स्वभाव सातासमुद्रापलीकडेही तोच असतो. तुमच्यापैकी जे कुणी सोलापूर, परभणी, जळगाव भागातले असतील त्यांना समजावून सांगायला नको. तिच्या कणांचे थर वहीच्या पानांसारखे एकमेकांवर असतात, पाणी त्या पानांमध्ये शिरतं, माती फुगते, आणि मग एक पान दुसऱ्यावरून सरकायला लागतं. पाय टाकला की चप्पल जड होते, उचलला की चप्पल मागे राहते. शेतकरी म्हणतो, वापसा आल्याशिवाय रानात पाय घालू नये. तिथे त्या शुक्रवारी हजारो माणसं आणि शेकडो गाड्या वापसा नसलेल्या रानात शिरल्या होत्या. आम्ही हिला म्हणालो, "अगं, हे तर आपलं मानवतचं शेत." हिचं माहेर मानवतचं. ती म्हणाली, "मग घरी चला. आमच्याकडे अशा दिवशी गडीसुद्धा बांधावर बसून राहतो."

हे पहिलं आप्तवाक्य. आम्ही ते ऐकलं नाही.

प्रदर्शन म्हणजे मंडपांची गावंच. टपावरचे तंबू, गाडीच्या पाठीमागे सरकणारे स्वयंपाकाचे ओटे, छोटे फ्रीज, गाडी ओढून काढायच्या विंच, चाकाखाली घालायच्या खाचांच्या पट्ट्या. नुसती विक्री नव्हे, वर्गही चालतात: चिखलातून गाडी कशी काढायची, नकाशा कसा वाचायचा, रानात जखम कशी बांधायची. पूर्वी कॅमल ट्रॉफी नावाची जंगलातली अवघड मोहीम होत असे, तिच्यात भाग घेतलेली मंडळी शिकवायला येतात. आणि प्रत्येक मंडपावर एक दावा लिहिलेला: जलरोधक, कुठल्याही हवामानात, कुठेही जा. इतर वर्षी हे दावे उन्हात वाळत पडतात. त्या वर्षी पाऊस आणि मधूनमधून हिम त्यांच्यावर पडत होतं. दुकानदारांचे चेहरे बघून आम्हाला तोंडी परीक्षेच्या दारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांची आठवण झाली.

जरा गाड्यांकडे वळू, कारण एक गोष्ट आम्हाला तिथे नव्याने समजली आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही. मंडपांच्या मधल्या वाटेवर एक नवी कोरी, उंच, चारही चाकांना जोर देणारी गाडी फसली होती. इंजिन गर्जत होतं, पण पुढचं एक आणि मागचं एक अशी दोनच चाकं गरगर फिरत होती, उरलेली दोन स्तब्ध. आम्ही मुलाला विचारलं, चारही चाकांना जोर आहे ना? मग ही दोन काय करताहेत? त्याने सांगितलं ते असं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एक घासत जाईल. म्हणून मध्ये डिफरन्शियल नावाची दात्यांची पेटी असते. ती दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते, पण जोर मात्र दोघांना सारखाच वाटते. इथे मेख आहे. चिखलातल्या चाकाला फिरायला जवळजवळ शून्य जोर पुरतो. वाटप समान, म्हणून कोरड्यावरच्या चाकालाही तेवढाच, जवळजवळ शून्य. सगळी शक्ती निसरड्यावरच्या भावाच्या चैनीत खर्च! ही पेटी गरजेपुरती कुलूपबंद करायची सोय असली, की दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि गाडी निघते. आपल्या बैलगाडीला हा प्रश्नच नाही. तिथे जमिनीला रेटा देतात ते बैलाचे पाय, चाक बिचारं नुसतं लोळत जातं.

एक किरकोळ माणूस हवा मोजायचं यंत्र घेऊन गाडीगाडीपाशी जात होता आणि टायरमधली हवा कमी करायला सांगत होता. आपला पंक्चरवाला 'पस्तीस हवा' म्हणतो, तीच पस्तीस तो अठरावर आणायला लावत होता. हे गणित सोपं आहे. अडीच हजार किलोची गाडी, चाकावर सव्वासहाशे किलो. पस्तीस हवेला चाक सुमारे 250 चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकतं, अठराला जवळजवळ दुप्पट. तेवढंच वजन दुप्पट जागेवर पसरलं की चाक कमी रुततं. पण लगेच शेजारच्या मंडपातला दुसरा म्हणाला, चिखलात अरुंद टायर बरा, तो वरचा राडा कापत खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचतो. दोघं तावातावाने बोलू लागले. आम्हाला फार घरच्यासारखं वाटलं. (हशा)

पुढे जे झालं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. फसलेली गाडी ओढायला दोन तरुणांनी दोर आणला आणि त्यांच्या गाडीच्या मागे ट्रेलर जोडण्यासाठी जो लोखंडी गोळा असतो, त्यालाच तो अडकवला. दिसायला तीच जागा योग्य. एवढ्यात मघाशी हवा मोजणारा तो किरकोळ माणूस पळत आला आणि ओरडून त्याने सगळं थांबवलं. त्याने सांगितलं, तो गोळा ट्रेलर संथपणे ओढायला केलेला असतो. ताणलेल्या दोराचा झटका बसला तर तो मानेत तुटतो, आणि दोरात साठलेली सगळी ताकद घेऊन तोफगोळ्यासारखा सुटतो. काच फोडून आत जातो. माणसं मेलेली आहेत यात. मग दोर गाडीच्या सांगाड्याला पक्क्या केलेल्या कडीत अडकवला, बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा जास्त लांब उभं केलं, आणि दोन मिनिटांत गाडी बाहेर.

आता जरा शास्त्राकडे येऊ. ज्ञान खरं आहे हे कळतं कसं? मीमांसक म्हणतात, ज्ञान झालं की त्याबरोबरच त्याचं खरेपण आपण धरून चालतो. पुढे कारणात दोष सापडला किंवा उलट ज्ञान झालं, तरच ते सोडायचं. हे स्वतःप्रामाण्य. नैयायिक म्हणतात, नाही. खरेपण बाहेरून ठरतं, मुख्यतः त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफळ झाली की नाही यावरून. पाणी दिसलं, गेलो, प्यायलो, तहान भागली, म्हणून ते पाण्याचंच ज्ञान होतं. मृगजळ असतं तर भागली नसती. वात्स्यायनांच्या भाष्याची सुरुवातच या मुद्द्याने होते. यावर मीमांसकांचा प्रश्न ठरलेला: तहान भागली या ज्ञानाचं खरेपण कशावरून? ते ठरवायला तिसरं ज्ञान, मग चौथं. अनवस्था.

प्रदर्शनातले दावे आम्ही दिवसभर नैयायिकाच्या नजरेने बघत होतो. मुलाला सकाळी पसंत पडलेला तंबू दुपारी पुन्हा बघायला गेलो, तर शिवणीतून आत पाणी झिरपून गादी ओली झाली होती. विकणारा म्हणाला, नवा आहे, शिवण एकदा भिजून फुगली की गळायचं थांबतं. हे काही कापडांच्या बाबतीत खरं आहे. पण गादी ओली होती हेही खरंच होतं. अशा वेळी जयंत भट्ट आठवतात. नवव्या शतकातला काश्मीरचा हा नैयायिक म्हणतो, रोजच्या, दिसणाऱ्या व्यवहारात संशय असला तरी माणूस खुशाल कृती करतो, आणि फळावरून पुढे ठरवतो. पाणी आहे का बघायला चार पावलं चाललो, नसलं तर परत येऊ. पण जिथे मोठा खर्च, मोठे कष्ट आहेत आणि फळ लगेच दिसणार नाही, तिथे आधी प्रामाण्य ठरवावं, मग पाऊल टाकावं. तो यज्ञाबद्दल बोलत होता. त्या लोखंडी गोळ्याला आम्ही ते लावून बघितलं. 'गोळा भार सोसेल' या ज्ञानाचं खरेपण कृतीच्या फळावरून ठरवायचं म्हटलं, तर फळ दिसेपर्यंत एखादा जीव गेलेला असेल.

हे सगळं आम्ही त्या तंबूपाशी उभं राहून मुलाला समजावून सांगत होतो. चांगला अर्धा तास. आणि हीच आमच्या आजच्या बोलण्याची खरी जागा आहे, कारण त्या अर्ध्या तासात आमच्या शेजारी काय चाललं होतं ते आम्हाला दिसलं नाही.

दुपारी गारा आल्या. ही सकाळपासून भिजली होती, बुटांत पाणी होतं. आधी ती कुरकुरत होती, 'अहो, चला आता' म्हणत होती, कुडकुडत होती. मग तिची कुरकुर थांबली. आम्ही विचारलं, "काय गं, थंडी वाजतेय का?" ती म्हणाली, "नाही, आता नाही वाजत." आम्हाला बरं वाटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. आमचं लग्न होऊन तेव्हा अडतीस वर्षं झाली होती आणि त्या सगळ्या काळात ही कधी खोटं बोलल्याचं आम्हाला आठवत नाही. शिवाय थंडी वाजते की नाही, हे जिचं तिला नाही कळणार तर कुणाला? वेदनेच्या बाबतीत माणूस चुकूच शकत नाही, असं आम्ही वर्गात देकार्तच्या तासाला कितीदा सांगितलं असेल. तिच्या हातातून चहाचा कागदी पेला पडला, ते आम्ही बघितलं आणि त्या चिखलाला नावं ठेवली.

शेजारच्या गाडीपाशी एक बाई स्वयंपाकाची मांडामांड करत होती. वयाने आमच्याएवढीच असेल. ती रानात प्रथमोपचार शिकवणाऱ्या वर्गांमध्ये मदत करत असे, हे आम्हाला मागाहून कळलं. ती थोडा वेळ हिच्याकडे बघत राहिली, मग जवळ आली आणि गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या स्वेटरची बटणं लावता का जरा?" बस, एवढंच. हिने हसून बटणाला हात घातला. बोटं बटणावरून सरकत होती. एक बटण, पुन्हा तेच बटण. ही म्हणाली, "हे काजं लहान झालंय." मराठीत म्हणाली, त्या बाईला. आणि म्हणताना जीभ जड होती.

शरीराचं आतलं तापमान पस्तीस अंशांच्या खाली गेलं की काय होतं, ते त्या बाईने नंतर आम्हाला शिकवलं. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. सुती कापड भिजलं की अंगाला चिकटतं आणि ऊब देत नाही. लोकर भिजली तरी थोडीफार देते. त्यासाठी तापमान शून्याखाली जायला लागत नाही, पाच-सहा अंश, वारा आणि ओले कपडे पुरतात. चिन्हं कोणती? माणूस अडखळतो, हातातल्या वस्तू पडतात, बोलणं जड होतं, चिडतो किंवा एकदम गप्प होतो. वयस्कर माणसं मुळात कमी कुडकुडतात. आणि सगळ्यात फसवं चिन्ह म्हणजे ओल्या, गारठलेल्या माणसाची कुडकुड ऊब न मिळताच थांबणं. आपल्याला वाटतं बरं वाटतंय. प्रत्यक्षात शरीराने हात टेकलेले असू शकतात.

मग सगळं भराभर झालं. ओले कपडे काढून त्या बाईचे लोकरी कपडे घातले, झोपायच्या पिशवीत बसवलं, गरम गोड कोको घोटघोट पाजला. आमच्या मनात ब्रँडीचा विचार आला होता, आपल्याकडचं ते घरगुती ज्ञान. तिने मान हलवली. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, वर ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर जाते. आम्ही तळहात-तळपाय चोळायला लागलो, तेही तिने थांबवलं. आधी छाती-पोट गरम झालं पाहिजे, हातापायांतलं गार रक्त एकदम आत ढकलायचं नाही. मुलाने धावत जाऊन स्वयंपाकाची गॅसची शेगडी आणली, तंबूत लावू म्हणाला. त्याच्यावर तर ती चक्क ओरडली. बंद तंबूत शेगडीने कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. थंडीत सापडलेली माणसं थंडीने नव्हे तर याने जातात. गाडीत बसवा, हीटर लावा, पण आधी मागे जाऊन सायलेन्सरच्या नळीत चिखल गेलाय का ते बघा, असं तिने सांगितलं. मुलगा गुडघ्यावर बसून बोटाने नळी साफ करत होता ते दृश्य आम्हाला अजून दिसतं.

पाऊण तासाने ही पुन्हा कुडकुडायला लागली. आम्ही घाबरलो. ती बाई हसली आणि म्हणाली, "छान." मग हिने बटण लावून दाखवलं, आणि लावून झाल्यावर आमच्याकडे बघून म्हणाली, "तुमचं व्याख्यान संपलं का?"

इथे नैयायिक जिंकले असं म्हणण्याचा आम्हाला मोह होतो. 'थंडी वाजत नाही' हे ज्ञान स्वतःच्या जोरावर उभं होतं, आणि बटणाच्या कृतीने ते पाडलं. ज्या इंद्रियाने थंडी कळायची तेच गारठलं होतं, म्हणून दोष आतून दिसणं शक्यच नव्हतं, बाहेरची कसोटी लागली. पण मीमांसकाचीही बाजू घ्यायला हवी. तो म्हणेल, आम्ही कधी म्हटलं डोळे मिटून बसा? कारणात दोष दिसला तर ज्ञान सोडा, असंच आमचं म्हणणं. ओले बूट तुम्हाला दिसत होते, पडलेला पेला दिसला होता, अडतीस वर्षं कुरकुरणारी बाई गप्प झाली हेही दिसत होतं. तुम्हाला ते सोयीचं होतं म्हणून तुम्ही ते दोषात धरलं नाही. याला आमच्याकडे उत्तर नाही. आज इतक्या वर्षांनंतरही नाही.

शब्दप्रमाणाबद्दल एक गोष्ट मात्र निश्चित सांगता येते. वात्स्यायन आप्त कुणाला म्हणतो? ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, त्याला. आणि पुढे तो स्पष्ट म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू आहे. हे वाक्य आम्ही कित्येक वर्षं फळ्यावर लिहिलं, परीक्षेत विचारलं. त्या दिवशी मॉर्मन लेकच्या चिखलात एक म्लेच्छ बाई आमच्या आप्त झाल्या. (हशा) त्या हवावाल्या किरकोळ माणसालाही आम्ही त्यातच धरतो. दोघांनीही काही विकलं नाही, हे आमच्या लक्षात राहिलं आहे.

संध्याकाळी निघायचं तर आमची साधी गाडी गवतावर पोटापर्यंत बसलेली. त्याच माणसाने ओढून काढली, दोर योग्य कडीत अडकवून. आम्ही पैसे पुढे केले तर त्याने चिखलाचा हात पाठीमागे घेतला. मुक्काम रद्द केला आणि डोंगर उतरून कॅम्प व्हर्डेला आलो. तिथली उंची तीन हजारांच्या आसपास, म्हणजे पुन्हा आठ अंशांच्या जवळपास गरम. खाली उतरताना कान बंद झाले आणि काचेवरचं धुकं निघून गेलं. गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

टपावरचा तंबू मुलाने पुढच्या वर्षी घेतला, दुसरा. घेण्याआधी दुकानदाराला अंगणात तो उभा करायला सांगितला, आणि त्यावर अर्धा तास बागेच्या नळाचं पाणी सोडलं. दुकानदार म्हणे जरा रागावला होता. आणि हिने मात्र तेव्हापासून एक पद्धत सुरू केली आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे फिरायला निघालो, की कोपऱ्यावर थांबवते आणि आम्हाला कोटाची बटणं काढून परत लावायला सांगते. आमची आता सत्तरी उलटली आहे, बोटं तशीही मंद झाली आहेत, त्यामुळे निकाल दर वेळी थोडा वादग्रस्त असतो.

आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. गाड्यांबद्दलचे प्रश्न कृपया आमच्या मुलाकडे पाठवावेत.